शिरोडा-वेंगुर्ला रस्त्यावर फांदीला चिकटून पांढरी फुलं आलेलं झाड कोणतं?

मार्चच्या सुरुवातीला तुम्ही पाहिलेलं झाड सुरंगीचं. सोबतचे लोक उंडी म्हणाले, त्यांचंही फार चुकलं नाही. दोन्ही एकाच कुळातली. दोन्हींची पानं जाड, गर्द हिरवी, समोरासमोर, आणि फुलात पांढऱ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. पण फुलं ‘फांदीलाच चिकटवल्यासारखी’ होती असं तुम्ही लिहिलंय ना, त्यावरूनच मी ओळखलं.

उंडीची फुलं पानांच्या बगलेतून लांब देठांच्या घोसात येतात. सुरंगीची येतात पानांच्या मागे, जुन्या उघड्या फांदीवर, आणि इतकी दाट की खालचं लाकूड दिसत नाही. तरी शंका राहिली तर खाली पडलेलं एखादं पान उजेडासमोर धरा. उंडीच्या पानात मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक रेघा कंगव्याच्या दातांसारख्या शेजारीशेजारी दिसतात. सुरंगीच्या पानात शिरांची जाळी असते. कळी मोत्यासारखी गोल, आणि उमलताना तिचं आवरण बरोबर दोन तुकड्यांत फाटतं.

झाडाजवळ मधमाश्यांचा आवाज ऐकू आला म्हणता, तो येणारच. वास तर वळणावरूनच येतो.

एक कळकळीची विनंती: वासासाठी फांदी मोडून नेऊ नका. जुन्या फांदीवरच फुलं येत असल्यामुळे मोडलेल्या फांदीचा बहर पुढची कितीतरी वर्षं गेला. शिवाय रस्त्याकडेचं झाडही बहुतेक कुणाच्या तरी आवारातलं असतं. वेंगुर्ल्याच्या आसपास, आसोली-आरवलीकडे, कित्येक घरांचा महिना-दीड महिन्याचा हंगाम या कळ्यांवर चालतो. कळ्या उमलायच्या आत काढाव्या लागतात, तेही उंच फांद्यांवर चढून. काहींचे वळेसर, म्हणजे गजरे होतात, बाकीच्या सुकवून अत्तरासाठी विकल्या जातात.

तेव्हा पुढच्या फेरीत बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून एक वळेसर घ्या, आणि सुकला म्हणून टाकू नका. मोगरा दुसऱ्या दिवशी संपतो, सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. माझी आजी सुकलेला वळेसर लुगड्यांच्या घडीत ठेवायची. गणपतीत ट्रंक उघडली की घरभर शिमग्याचा वास यायचा.