समोरून सायकल आली की…

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं, की रस्त्यात समोरून सायकलस्वार आला तर त्याला हात करावा, ओळख असो वा नसो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यावर गियरची सायकल घेतली. सकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघून राऊपर्यंत जातो आणि परत येतो. समोरून सायकलवाला दिसला की मी मान लववून 'राम राम' म्हणतो. पण हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट जर्सी अशी तरुण मंडळी ढुंकूनही बघत नाहीत. मन खट्टू होतं. माझी सायकल साधी आहे म्हणून असं होत असेल का?
— एक वाचक, राजेंद्रनगर

काका, तुमचा राम राम अजिबात थांबवू नका. फक्त तो पोचतो का, हे आधी पाहू. मी पंचवीसेक वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्ही ताशी 15 किलोमीटरने जाताय, समोरचा तरुण 30 ने येतोय. दोघं मिळून ताशी 45, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. लववलेली मान ओळखू यायला माणूस तीसेक मीटरवर तरी यावा लागतो. म्हणजे त्याच्या हातात अडीच सेकंद उरले. त्यात त्याला खड्डा बघायचाय, उलट्या दिशेने घुसलेली मोटरसायकल चुकवायचीय, आणि कानात वारा भरलेला आहे. हेल्मेटखाली मान हललेली दिसत नाही, वाऱ्यात 'राम राम' ऐकू येत नाही. तुम्ही केलेलं अभिवादन त्याच्यापर्यंत बहुतेक वेळा गेलेलंच नसतं.

म्हणून लांबूनच करा. तो विजेच्या दोन-तीन खांबांवर असतानाच उजव्या हाताची बोटं मुठीवरून उचला, तळवा त्याच्याकडे, मनगट हँडलवर टेकलेलंच. उजवा हात यासाठी, की आपण डावीकडून चालतो आणि समोरचा आपल्या उजव्या बाजूने जातो, त्याला तोच हात दिसतो. दुसरं कारण ब्रेकचं. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या मुठीला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या मुठीला मागचा. उजवा हात सुटलेला असताना एकदम कुत्रं आडवं आलं, तर डाव्या हाताने मागचा ब्रेक लागतो. त्याने सायकल फार तर घसटते. एका हाताने नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. तुमच्या सायकलीला कोणता ब्रेक कुठे आहे ते उद्या निघायच्या आधी पाहून घ्या. उलटा असेल तर कोणताही मेकॅनिक बदलून देईल.

आणि चढावर कुणाकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. खंडवा रोडला सिमरोळच्या पुढचा घाट चोरलकडून चढून येणाऱ्याला श्वास पुरत नसतो, आणि उतरणाऱ्याचे दोन्ही हात ब्रेकवर असलेच पाहिजेत, कारण तिथे ट्रकही उतरत असतात. तिथे नजरेला नजर मिळाली तरी पुष्कळ झालं.

आता हे वाचणाऱ्या जर्सीवाल्यांशी बोलते, कारण काकांची शंका सगळीच चुकीची नाही. मी महूच्या रस्त्याला सकाळी असते, आणि मला दिसतं ते असं: हेल्मेटवाला हेल्मेटवाल्याला हात करतो. त्याच रस्त्यावर दुधाच्या कॅन लटकवलेला दूधवाला असतो, पेपरवाला असतो, हँडलला डबा अडकवून पीथमपूरच्या कारखान्यात पाळीला निघालेला कामगार असतो. त्यांच्याकडे आपली बोटं उचलली जात नाहीत. हे मला फार लागतं. आपण रविवारी ऊन-पाऊस बघून बाहेर पडतो. तो आषाढातही निघतो, कारण त्याचं पोट त्या सायकलीवर आहे. वीस किलोची काळी सायकल, गियर नाही, मागे कॅरियरवर ओझं. रस्त्यावर सायकलीची जागा शाबूत राहिली आहे ती त्याच्यामुळे. गर्दीच्या वेळी ट्रकवाला सायकल बघून जरा बाहेरून काढतो, ती सवय त्याला या माणसांनी लावली आहे, आपण नव्हे. मग पहिला राम राम कुणाचा?

करून बघा. पहिल्या दिवशी तो मागे वळून पाहील, हा माणूस आपल्यालाच हात करतोय का म्हणून. आठवड्याभरात हसेल. पुढे तोच लांबून 'भिया राम!' (भाऊ, राम राम) घालेल, आणि ज्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारील, 'काल कां थे?' (काल कुठे होता?) महूच्या रस्त्यावर अशी विचारपूस करणारी माणसं मला याच बोटं उचलण्यातून मिळाली आहेत. आजूबाजूच्या गावांतून शाळेला जाणाऱ्या मुली दिसतात, सरकारी योजनेतल्या सायकलींवर (दुसऱ्या गावी शाळेला जावं लागणाऱ्या सहावी-नववीच्या मुलांना मध्य प्रदेशात सायकल मिळते). त्यांना मी आवर्जून हात करते. बाईमाणूस या वयात सायकलवर आहे, हे त्यांनी बघावं असं मला वाटतं.

ताई, मी छब्बीस वर्षांची आहे, नोकरीच्या आधी सुपर कॉरिडॉरवर सायकल चालवते. तुमचं वाचून समोरच्यांना हात करायला लागले. दोघा-तिघांनी यू-टर्न मारला आणि शेजारी येऊन 'कहां रहती हो' सुरू केलं. आता मी कुणाकडेच बघत नाही. हे असभ्य आहे का?
— एक वाचक, गांधीनगर

नाही गं. अजिबात नाही. अभिवादन हे देणं आहे, कर्ज नव्हे. जिथे तुला धोका वाटतो तिथे तू कुणाचंही काही लागत नाहीस. बघू नकोस, हात करू नकोस, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

यात नियम पाळायचा आहे तो पुरुषांनी. समोरून येणाऱ्या बाईने हात केला तर त्याचा अर्थ 'दिसलात, नीट जा' एवढाच. उत्तरादाखल बोटं उचलायची आणि आपल्या वाटेने सरळ निघून जायचं. वळून तिच्या मागे येणं, शेजारी लागणं, तिचा वेग धरून मागे-मागे राहणं यातलं काहीही अभिवादनात बसत नाही. मागून तिला ओलांडायचंच असेल तर अंतर ठेवून, एकदा सांगून, पुढे निघून जायचं आणि पुढे गेल्यावर वेग कमी करायचा नाही. हे तरुणांनाच सांगते असं नाही. साठीतले गृहस्थही 'बेटा, रोज येतेस का, एकटीच येतेस का' विचारत शेजारी चालवतात. त्यांच्या मनात काही नसतं, हे मला मान्य आहे. पण पहाटे साडेपाचला मोकळ्या रस्त्यावर ते तिला कसं कळावं?

तुझ्यासाठी एक-दोन व्यवहाराच्या गोष्टी. कुणी शेजारी लागलाच तर सायकल जोरात हाणू नकोस, तो वेग दमेपर्यंतच टिकतो. चहाची टपरी, पेट्रोल पंप, मेट्रो स्टेशनचं दार, जिथे चार माणसं असतील तिथे थांब आणि फोन काढ. आणि शक्य असेल तर तुझ्यासारख्या आणखी दोघी शोध. तिघी असताना तूच आपणहून सगळ्यांना हात करशील, बघ.

ताई, पहिल्यांदा 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करणार आहे. वाटेत कुणी पंक्चर होऊन बसलेला दिसला तर थांबायचं का? वेळ हातची जाईल अशी भीती वाटते. आणि पुढे जाणाऱ्याला घंटी वाजवून नमस्कार केला तर चालतो का?
— एक वाचक, सुदामानगर

आधी घंटी. आपल्या गावात घंटी म्हणजे 'सरका'. ती नमस्कार म्हणून वाजवली तर पुढचा दचकून उजवीकडेच येतो. मागून जाताना दहा-पंधरा मीटर आधी एकदाच वाजवा, मग तोंडाने सांगा, 'भिया, सीधे हाथ से!' (उजवीकडून येतोय). नमस्कार शेजारी आल्यावर.

आता थांबायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी पंधराच्याही किंचित खाली. तुम्ही चालताना ताशी 20 धरलीत तर प्रत्यक्ष सायकल चालवायचे दहा तास झाले आणि साडेतीन तास शिल्लक राहिले. पोहे-जिलेबी, चहा, चेकपॉइंटची सही, पाठ टेकणं हे सगळं जाऊनही कुणासाठी दहा मिनिटं निघतात. ब्रेव्हेत स्वतःची गाडी मागे लावता येत नाही, प्रत्येकाने आपापलं सामान वागवायचं असतं, पण एका स्वाराने दुसऱ्याला मदत करायला काहीच आडकाठी नाही. ती शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. या सगळ्याचं मूळ ज्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये आहे, ती मात्र 1891 साली शर्यत म्हणूनच सुरू झाली होती. आज ती 1200 किलोमीटर जास्तीत जास्त 90 तासांत पुरी करायची असते, दर चार वर्षांनी होते, आणि वाटेवरच्या खेड्यांतली माणसं रात्री-अपरात्री घराबाहेर टेबल मांडून अनोळखी स्वारांना कॉफी देतात.

तेव्हा कुणी बसलेला दिसला की वेग कमी करून 'सगळं ठीक?' एवढं विचारायचंच. हे ब्रेव्हेपुरतं नाही, रोजचंच. दहातले नऊ जण अंगठा दाखवतात, निघून जा. दहावा गप्प बसतो, त्याच्यासाठी थांबा.

मदत करायची तर सामान जुळायला हवं, ही गोष्ट नवे लोक विसरतात. सायकलीच्या ट्यूबला तीन तऱ्हेचे व्हॉल्व्ह भेटतात. रोडबाइकला बारीक, टोकाला छोटी पितळी चकती फिरवायची तो प्रेस्टा. बऱ्याच एमटीबी (जाड टायरच्या, डोंगरवाटांच्या सायकली) आणि हायब्रीडला मोटरसायकलसारखा जाडा श्रेडर. आणि दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला आत रबराची नळी असलेला जुना डनलॉप. तुमच्या पंपाचं तोंड एकाच जातीचं असेल तर दुसऱ्यासमोर तुम्ही पंप हातात धरून उभे राहाल. दोन्ही बाजूंनी चालणारा पंप घ्या, आणि प्रेस्टावर बसवायचा पितळी अडॅप्टर खिशात टाका. तो सुपारीएवढा असतो आणि अगदी स्वस्त मिळतो. ती रबराची नळीही दोन इंच जवळ ठेवा. दूधवाल्याची नळी सडली की हवा धरत नाही, आणि सकाळी सहाला पंक्चरवाल्याचं दुकान उघडलेलं नसतं. त्याचं दूध त्या उन्हात किती वेळ टिकणार?

ताई, आम्ही दहा-बारा जण रविवारी ओळीने जातो. समोरून कुणी आला की सगळ्यांनी हात करायचा का? एकदा मधल्याने हात वर केला आणि मागचा थेट त्याच्या चाकावर आला.
— एक वाचक, विजयनगर

सगळ्यांनी नाही. पहिल्याने करायचा, सगळ्यांच्या वतीने. ओळीत पुढच्याच्या चाकापासून दोन-तीन फुटांवर असताना मधल्या कुणीही हात सोडू नये. शिवाय गटात वर केलेला हात म्हणजे 'थांबतोय'. मागच्याने तो तसाच घेतला आणि ब्रेक दाबला, किंवा तुमच्या मित्राच्या बाबतीत दाबायला उशीर झाला. खाली दाखवलेलं बोट म्हणजे खड्डा, बाजूला सरळ पसरलेला हात म्हणजे वळतोय. या खुणा जीव वाचवणाऱ्या आहेत, त्यांच्यासारखा दिसणारा नमस्कार नकोच. पहिल्याने सुद्धा हात खांद्याच्या वर नेऊ नये, हँडलवरूनच बोटं उचलावीत. बाकीच्यांनी हसावं. आणि ओळ मोठी असेल तेव्हा समोरून एकट्याने येणाऱ्याला जागा सोडणं हाच त्याला मान.

थंडीत पहाटे धुकं असतं. तेव्हा दिवा मिचकावून अभिवादन करावं का?
— एक वाचक, महू

नको. पुढचा दिवा लुकलुकत्या मोडवर समोरच्याच्या डोळ्यांत गेला की धुक्यात त्याला काही क्षण नीट दिसत नाही. दिवा स्थिर ठेवा आणि झोत रस्त्याकडे झुकवा, आपल्या पुढच्या चाकापासून पाच-सात मीटरवर पडेल असा. मागे लाल दिवा हवाच. अभिवादन तोंडाने करा. धुक्यात माणूस दिसला नाही तरी आवाज पोचतो, आणि कुणीतरी समोरून येतंय हेही त्याला त्यावरून कळतं.