तान्ह्या पोळ्याचे बैल घे, बाकीचं नंतर बघू

अरे भाऊ, शाळा सुटलेल्या पोट्ट्यांना हस्तकला शिकवून माल विकायचा म्हणतोस ते ठीक, पण पहिल्याच महिन्यात मॅक्रमे (दोऱ्याच्या गाठींचं काम), वारली, ज्वेलरी सगळंच शिकवायला निघालास तर पोट्टे पळतील. एकच वस्तू पकड. आपल्याकडे विदर्भात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, लहान पोरांना लाकडी बैल लागतोच, तर सुताराकडून कोरे बैल आण आणि दोन महिने आधीपासून रंगवायला बसव, कारण सण एकच दिवस, माल उशिरा झाला की वर्षभर पडून राहतो, मग डेडलाइनवर लेक्चर द्यावं लागत नाही.

हिशेब त्यांनाच करू दे, बैल केवढ्याचा, रंग किती गेला, तास किती लागले. माझ्या बॅचमधली शाळा सुटलेली एक पोरगी आधी मान वर करत नव्हती, तीच पुढे गिऱ्हाईकाशी भाव करून राहिली होती! रंग फासला असेल तर दया म्हणून पास करू नको, परत रंगवायला लाव.

आणि फोटोत हात दाखव, बैल दाखव, चेहरा नाही. बालगृहातली मुलं असतील तर बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे ओळख उघड करणं गुन्हा आहे, डोनर कितीही मागू दे. चौदाच्या खालच्यांना विक्रीच्या कामाला लावू नको, नुसतं शिकू दे. थिनर मात्र कुलपात ठेव, काही पोरं ते नशेसाठी हुंगतात.