अभ्यासिकेसाठी कमी वीज खाणारे स्वस्त लॅपटॉप: कोणते घ्यावेत?

मानखुर्दच्या अभ्यासिकेत दहा मुलं, एक लाख रुपये, भिंतीवर ६ अँपिअरचा एकच सॉकेट. त्यात ‘ते शंभर डॉलरचे हिरवे लॅपटॉप अजून मिळतात का?’ हा तुमचा प्रश्न.

नवे मिळत नाहीत. जुना कुणी फुकट दिला तरी वर्गासाठी घेऊ नका. गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा तो एक्सओ-१. २००७ साली कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेतही आला होता. शंभर डॉलर हे फक्त उद्दिष्ट राहिलं, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या आसपास गेली. ४३३ मेगाहर्ट्झची चिप आणि २५६ एमबी रॅम हे तर तोकडं आहेच, पण आजच्या ब्राउझरांना लागणारे एसएसई२ नावाचे प्रोसेसर-आदेश त्या चिपमध्ये मुळातच नाहीत. त्यामुळे रॅमचं काही जमवलं तरी उपयोग नाही. वीज वाचवण्याचा त्यांचा विचार मात्र आजही पक्का आहे. मागचा दिवा बंद केला की त्याचा पडदा उन्हात काळा-पांढरा वाचता यायचा. साध्या कामात लॅपटॉपची बरीच वीज पडद्यालाच लागते. जुन्या मशीनवरही ब्राइटनेस अर्ध्यावर आणला की दोन-तीन वॅट वाचतात.

माझं मत: दहाऐवजी आठच घ्या, तेही सेकंडहँड, कंपन्यांतून निघालेले, आणि सगळे एकाच मॉडेलचे. एक बंद पडला तर त्याचा कीबोर्ड, पडदा, चार्जर बाकीच्यांना चालतो. थिंकपॅड एक्स२५० मला यासाठी योग्य वाटतो. १५ वॅटचा प्रोसेसर, १२.५ इंची पडदा, रॅम आणि डिस्क बदलता येते, मागची बॅटरी स्क्रू न काढता निघते. एक्स२४०ही चालेल, फक्त त्याच्या टचपॅडला वेगळी बटणं नाहीत आणि लहान मुलं वैतागतात. नवे स्वस्त लॅपटॉप दिसायला छान, पण त्यांत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (डिस्कच्या जागी असलेली साठवणुकीची चिप) बोर्डलाच सोल्डर केलेली असते. विंडोजच्या अपडेटनीच ती भरते, आणि गेली तर मदरबोर्डच बदलावा लागतो. क्रोमबुक घ्यायचंच असेल तर त्या मॉडेलचे अपडेट कधी संपतात ते आधी पाहा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर-बाजारात जाताना लिनक्सचा पेनड्राइव्ह बरोबर न्या आणि दुकानातच प्रत्येक मशीन त्यावरून चालू करा. बॅटरीच्या माहितीत मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता दोन्ही दिसतात. साठ टक्क्यांखाली असेल तर भाव पाडा. एक्स२५०च्या दोन बॅटऱ्या (एक आतली, एक मागची) मिळून नवेपणी साधारण ४६ वॅट-तास. साठ टक्के उरल्या तर २८. वाचन-लेखनाला नऊ वॅट धरले तर तीन तास निघतात. मशीन चालू करताना एफ१ दाबून बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडा. पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊच नका. खालचं झाकण फुगलेलं किंवा टचपॅड वर आलेलं दिसलं, तर आतली बॅटरी फुगली आहे. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. वीजही वाचते आणि पोरांनी लॅपटॉप आपटला तरी डेटा वाचण्याची शक्यता जास्त.

इन्व्हर्टरवर पैसे घालू नका, लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा इन्व्हर्टर. ६५ वॅटचे आठ चार्जर म्हणजे ५२० वॅट. सॉकेटला कागदोपत्री हे झेपतं, पण त्याच बोर्डावर पंखे असतात आणि स्वस्त एक्स्टेन्शनचे ढिले कॉन्टॅक्ट तापून वितळतात. म्हणून चार-चार करून चार्ज करा. त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अशा खोल्यांत तिसऱ्या भोकात कित्येकदा वायरच नसते. मग चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या येतात.

सिस्टीम म्हणून डेबियन (फुकट मिळणारं लिनक्स) आणि त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप, रॅम किमान ४ जीबी. टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. मुंबईच्या उकाड्यात सतत शंभरावर ठेवलेली बॅटरी लवकर बसते. लोहित मराठी फॉन्ट टाका, नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. टायपिंगला इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी विकिपीडिया किविक्स (इंटरनेटशिवाय वाचायचं ॲप) मधून एकदाच उतरवून घ्या, म्हणजे रोज डेटा जाणार नाही.

पावसाळ्यात मशीन गार झाल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. मे महिन्याच्या सुट्टीत बॅटऱ्या निम्म्या चार्ज करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तासभर चालवा. चार्जिंग मात्र बंद कपाटात कधीच नको.