वाचकांचे प्रश्न : रक्तदान आणि कावीळ

प्रश्न : गणेशोत्सवातल्या शिबिरात रक्त दिलं. नंतर रक्तपेढीतून फोन आला, "हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे, समक्ष या." मला काहीच त्रास नाही. शिबिरातल्या सुईनेच लागण झाली का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही. तपासलं गेलं ते त्याच दिवशी काढलेलं रक्त. लागण झाल्यावर चाचणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणजे विषाणू आधीपासूनच अंगात होता. शिवाय सुई पिशवीलाच जोडून येते आणि एकदाच वापरतात. त्रास नाही यात नवल नाही. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; त्यातले बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात.

तेव्हा जाच. पहिली चाचणी क्वचित चुकते, म्हणून नवीन नमुना देऊन एचबीएसएजी (रक्तात बी विषाणूचा अंश शोधणारी चाचणी) पुन्हा करा. तीही पॉझिटिव्ह आली तर यकृताची चाचणी आणि एचबीव्ही डीएनए (रक्तात बी विषाणू किती आहे ते मोजणारी चाचणी) करा. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी राहिली तर आजार जुनाट झाला असं धरतात. लगेच गोळ्या प्रत्येकाला लागत नाहीत, नियमित तपासणी मात्र लागतेच. 2018 पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा. झाडपाल्याच्या औषधावर वेळ घालवू नका.

घरच्यांचीही चाचणी करा. ज्यांना लागण नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना 0, 1 आणि 6 महिन्यांना लस द्या. एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, भांडी वेगळी करून माणसाला दुखवू नका. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. रक्त मात्र यापुढे देऊ नका.

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी यात्रेत हातावर गोंदवून घेतलं. प्रत्येक पिशवी तपासतातच, मग अर्जात गोंदण कशाला विचारतात? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : कारण चाचणीला सगळं दिसत नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी सक्तीची आहे. पण नुकतीच लागण झालेली असेल तर रक्तात विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. यालाच विंडो पीरियड म्हणतात. हिपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी चाचणीत (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) तो दोन महिन्यांच्या पुढेही जातो. नॅट (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) चाचणीने तो बराच कमी होतो, शून्य होत नाही. आणि नॅट सक्तीची नाही. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे काढले तर चूक तीन रुग्णांपर्यंत पोचते.

यात्रेत एकच सुई अनेकांच्या हातावर फिरते. म्हणून गोंदण, कान-नाक टोचणं यानंतर 12 महिने थांबायचं. तुम्ही आणखी पाच महिने थांबा.

आपल्या भागात अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत हाती येतो आणि घाईत सही होते. तसं करू नका, वाचून दाखवायला सांगा. नातेवाइकासाठी रक्त देताना घरच्यांपुढे खरं बोलता येत नसेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोला. रक्त देऊन आल्यावर काही आठवलं तर त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करा, पिशवी बाजूला काढता येते.

प्रश्न : लहानपणी कावीळ झाली होती. रक्त चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : जन्मल्यावर झालेली किंवा पित्ताच्या खड्यामुळे झालेली असेल तर चालतं. हिपॅटायटिस ए किंवा ई, म्हणजे दूषित पाण्याची, असेल तर 12 महिन्यांनंतर. बी, सी, किंवा कोणती हिपॅटायटिस होती ते माहीतच नसेल, तर नियमाप्रमाणे कायमचं नाही. म्हणून जुनी फाईल शोधा आणि शिबिराला सोबत न्या.