वाचकांचे प्रश्न : चालू अणुभट्टीतून जादा वीज मागितली, तर कोण काय तपासतं?

प्रश्न : सर, नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचा व्हॉल्व्हच्या कास्टिंगचा कारखाना आहे. अमेरिकेत जुन्याच अणुभट्ट्यांतून वीस टक्क्यांपर्यंत जादा वीज घेतात, असं वाचनात आलं. भट्टी तीच, मग जादा वीज येते कुठून? आणि परवानगी देणारे खरंच काही तपासतात, की कंपनीच्या कागदांवर सही करून मोकळे होतात? अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर आणि पुढं जैतापूर, म्हणून काळजीनं विचारतोय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी वीज कुठून येते ते बघू. अमेरिकेत भट्टीच्या परवान्यात उष्णतेची कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडायची नाही. व्हरमाँट यँकी या केंद्राची मर्यादा १,५९३ मेगावॉट होती, ती २००६ मध्ये १,९१२ झाली. भट्टीतलं सगळं इंधन सारखं तापत नाही. इंधनाच्या कांड्यांचे जुडगे असतात, त्यातले मधले जास्त तापतात, कडेचे कमी. बंधन असतं ते सगळ्यात तापलेल्या कांडीवर. इंधनाची मांडणी आणि समृद्धीचं, म्हणजे त्यातल्या युरेनियम-२३५ चं, प्रमाण बदललं की मागं राहिलेले जुडगेही जास्त वाटा उचलतात. त्या कांडीची मर्यादा न ओलांडता एकूण उष्णता वाढते, वाफ वाढते.

अशी वाढ तीन प्रकारची असते. पहिली दोन टक्क्यांच्या आतली. भट्टीची उष्णता आत जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह आणि तापमान यांवरून काढतात. मापात चूक राहू शकते, म्हणून अपघाताचं गणित १०२ टक्के उष्णता धरून करायचा नियम होता. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारे अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर आल्यावर माप नेमकं झालं, २००० साली नियम सैल झाला आणि राखून ठेवलेल्या दोन टक्क्यांतला काही भाग वापरता आला. दुसरी सात टक्क्यांपर्यंतची. तिच्यात बहुतेक काम उपकरणांच्या सेटिंगचं. तिसरी वीस टक्क्यांपर्यंतची. तिच्यासाठी हाय प्रेशर टर्बाइन, पंप, मोटारी, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर बदलावे लागतात. १९७७ पासून तिथल्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशननं, म्हणजे एनआरसीनं, अशा १६० हून जास्त वाढी मंजूर केल्यात.

आता सहीचं. माझी उमेदीची वर्षं साखर कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. गाळप वाढवायचं म्हणून मिल मोठी केली आणि रस आटवणारे इव्हॅपोरेटर, पॅन तेच ठेवले, तर रस तुंबतो. वाढवलेलं यंत्र नीट चालतं आणि त्याच्या पुढचं-मागचं, कुणी न बघितलेलं यंत्र अडतं. क्षमतावाढीचा अर्ज तपासताना एनआरसीचे अभियंते हेच शोधतात. भट्टी बंद केल्या क्षणी साखळी प्रक्रिया थांबते, पण पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघतच असते आणि हळूहळू उतरते. क्षमता वीस टक्क्यांनी वाढवली की ही उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. ती काढून नेणारे पंप, हीट एक्स्चेंजर, वापरलेल्या इंधनाचा हौद मात्र बरेचदा जुनेच. ते पुरतील का? पाइप फुटला तर इंधनाचं आवरण १,२०४ अंश सेल्सिअसच्या खाली राहील का? ऑपरेटरला हालचाल करायला पूर्वीपेक्षा कमी मिनिटं मिळतील, तेवढ्यात त्याचं काम होईल का? उत्तर पटलं नाही की कंपनीकडं लेखी प्रश्न जातात, त्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात. मिनेसोटातल्या माँटिसेलो केंद्राच्या २००८ मधल्या अर्जाला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली.

एवढं करूनही निसटतं. इलिनॉयमधल्या क्वाड सिटीजला २००१ च्या अखेरीस सतरा-अठरा टक्के वाढ मिळाली. २००२ मध्ये तिथल्या दोन नंबरच्या युनिटमध्ये स्टीम ड्रायरचा पत्रा तुटून निघाला, पुढच्या वर्षी पुन्हा तडे. ड्रायरचं काम वाफेतलं पाणी गाळायचं. अपघातात त्याच्यावर कसलीच भिस्त नाही, म्हणून त्याच्याकडं फारसं लक्ष गेलं नव्हतं. पण त्याचा तुकडा वाफेबरोबर वाहत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकला तर? तुम्ही व्हॉल्व्ह ओतता, तुम्हाला हे अधिक सांगायला नको. कारणही तुमच्या धंद्याजवळचंच निघालं. वाफेचा वेग वाढला होता, आणि मुख्य पाइपावर सेफ्टी व्हॉल्व्हसाठी काढलेल्या फांद्यांच्या तोंडावरून ती जाताना आत आवाज घुमायचा. दाबाचे ते हेलकावे ड्रायरपर्यंत पोचायचे. यातून एनआरसी शिकली. व्हरमाँट यँकीला एकदम वीस टक्के चढू दिले नाहीत. वाफेच्या पाइपांवर ताण मोजणारे स्ट्रेन गेज लावले, टप्प्याटप्प्यानं थांबायला लावलं, आकडे तपासले आणि मगच पुढं जाऊ दिलं. अर्जाइतकीच ही चढण तपासली पाहिजे, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मला आजही पटत नाही. अपघातात भट्टीखालच्या हौदातलं पाणी तापतं. पंप ते गरम पाणी ओढतो तेव्हा तोंडाशी दाब कमी पडला तर बुडबुडे होतात आणि पंप निकामी होतो. व्हरमाँट यँकीच्या कंपनीनं हिशोब मांडला की अपघातात भोवतीच्या बंद कवचात वाफेचा दाब असणारच, तो पंपाला मदत करेल. म्हणजे पंप चालायचा तर कवच शाबूत पाहिजे. एक संरक्षण दुसऱ्याच्या खांद्यावर. व्हरमाँट राज्य सरकारनंच यावर हरकत घेतली, तरी एनआरसीनं मान्यता दिली. माझ्या हातात असतं तर आधी पंप बदला म्हटलं असतं.

पण हरकत घेता आली, हे मोठं आहे. अर्जाची जाहीर सूचना निघते आणि सुनावणी मागायला साठ दिवस मिळतात. प्रश्नोत्तरांचे बहुतेक कागद कुणालाही वाचता येतात. मोठ्या वाढीचा अर्ज स्वतंत्र तज्ज्ञांची सल्लागार समितीही तपासते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : तिथं नुसती सही होत नाही, आणि होत असेल तर ती पकडायची सोय आहे.

आपल्याकडं गोष्ट उलट्या बाजूनं घडली. तारापूरची पहिली दोन युनिटं प्रत्येकी २१० मेगावॉट विजेची, पण दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्यावर १६० वर आणली. कल्पाक्कमच्या भट्ट्यांमध्ये आत पाणी सोडणारे मॅनिफोल्ड मोडले, तेव्हा त्या १७० वर आल्या आणि दुरुस्तीनंतर पुन्हा २२० वर गेल्या. तपासणीचं काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडं आहे आणि ते समित्यांच्या पायऱ्यांनी होतं. जनसुनावणी मात्र होते ती पर्यावरण मंजुरीच्या वेळी. चालू भट्टीच्या परवान्यात बदल करताना नागरिकाला साठ दिवसांची तशी मुदत नाही. ती मिळायला हवी आणि तपासणीचे कागद मराठीतही मिळायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. जैतापूरला अजून भट्टी उभी नाही. मागणी करायची वेळ हीच आहे.

प्रश्न : क्षमता वाढवली की किरणोत्सर्गही वाढतो का?
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : हो. इंधनात साठणारी किरणोत्सारी द्रव्यं साधारण त्याच प्रमाणात वाढतात, त्यामुळं अपघातात केंद्राच्या हद्दीवरच्या माणसाला किरणोत्सर्गाची किती मात्रा पोचेल, हे गणित नव्यानं करावं लागतं. ज्या भट्टीत पाणी आतच उकळतं, तिथं वाफेबरोबर किरणोत्सारी नायट्रोजन-१६ टर्बाइनपर्यंत जातो. त्याचं अर्धायुष्य सातच सेकंद. वाफ वेगानं पोचली की वाटेत तो कमी विरतो, म्हणून टर्बाइन हॉलभोवतीच्या किरणोत्सर्गाचं मोजमाप क्षमता वाढवताना पुन्हा घेतात.