फे लोकांच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागात रहस्य कसं टिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या किशोरकादंबरीच्या पहिल्या भागात सोलापूरची एक मुलगी धाकट्या भावाला फे लोकांच्या, म्हणजे पाश्चात्य लोककथांतल्या जादू येणाऱ्या परीलोकांच्या, तावडीतून सोडवून घरी आणते. दुसऱ्या भागात रहस्य हवंय, पण ज्यांना जादू येते त्यांच्यापुढे तपास टिकत नाही आणि नवा खलनायकही सुचत नाही.

नवा खलनायक शोधूच नका. रहस्य तुमच्या घरातच आहे: तिने आणलेला मुलगा तिचा भाऊच आहे का?

आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांत फे माणसाचं मूल उचलून नेतात आणि त्याच्या जागी आपल्यातलं एक ठेवून जातात. त्यांना लोखंड सोसत नाही, म्हणून तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायची रीत होती. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर चाकू ठेवतातच. त्यामुळे तुमच्या गोष्टीतल्या आजीला फे म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको. पहिला संशय तिलाच येऊ द्या.

आता सुगावा कसा पेरायचा ते बघा. आजी भाकरी भाजून झाल्यावर म्हणते, "तवा उतरव रे." तो फडकं घेऊन तवा उतरवतो. गरम तवा फडक्यानेच धरतात, वाचक पुढे जातो. वीसेक पानांनंतर सकाळी घासून पालथा घातलेला गार तवा फळीवर ठेवायचा असतो, तेव्हाही तो फडकं शोधतो. बस्स, एवढंच. नायिकेला ते दिसलं असंही लिहू नका. एखादी चौदा वर्षांची वाचक मागची पानं उलटून तो पहिला तवा शोधेल, आणि तिच्यासाठीच तर आपण लिहितो.

जादूचा प्रश्नही इथेच सुटतो. फेंना काय करता येतं यापेक्षा काय करता येत नाही यावर सगळा तपास उभा करा. पहिल्या भागात जे नियम सांगितलेत तेवढेच ठेवा, शेवटी अडलं म्हणून नवी शक्ती आणलीत तर वाचकाची फसवणूक होते. हल्लीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत फेंना खोटं बोलता येत नाही, फक्त दिशाभूल करता येते. तुम्ही तो नियम घेतला असेल तर मराठी तुम्हाला भरभरून मदत करेल, कारण आपल्याकडे करणारा सहज लपतो. "पेला फुटला", "दार उघडं राहिलं", "तो पाण्यात पडला." यातलं काहीच खोटं नाही. बहीण विचारते, "तू आमचाच आहेस ना?" तो म्हणतो, "मग मी कुणाच्या घरात जेवतोय?" 'हो' तो कधीच म्हणालेला नाही, हे शेवटच्या प्रकरणात कळू द्या.

आणि हे सगळं सोलापुरातच का घडतं, याचं कारण तुमच्या गावाकडे तयार आहे. एकेकाळी इथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि पूर्व भागात बोळाबोळांतून मागांची खटखट चालायची. एवढ्या लोखंडात फेंना पाय ठेवायला जागा नव्हती असं धरा. मग गिरण्या बंद पडल्या, कितीतरी यंत्रमाग किलोच्या भावाने भंगारात गेले. जो बोळ रिकामा झाला तो त्यांच्यासाठी उघडला. मग नायिकेच्या तपासाला जादू लागतच नाही. ती भंगारवाल्याची वही बघते, कोणत्या बोळातले माग कधी विकले गेले ते लिहून काढते आणि हरवलेल्या मुलांच्या तारखा शेजारी मांडते. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येतं. बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजून माग उचलणारा माणूस. फेंशी सौदा करणारा माणूसच असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

एक विनंती. साती आसरांना फे करू नका, आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांना कथेतलं हत्यार करू नका. आजही विहिरीवर, तळ्यावर आसरांची ओटी भरली जाते. ती श्रद्धा फेंच्या साच्यात बसवली की दोन्हींची चव जाते. फेंना त्यांचंच पंचांग राहू द्या. त्यांची रात्र ३१ ऑक्टोबरची, आपल्या दिवाळीच्या आगेमागे येणारी. आकाशकंदील लागलेत, पोरं रात्री उशिरापर्यंत बाहेर आहेत, भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली अंधार आहे. आणखी काय हवं?

मला सगळ्यात जास्त काळजी त्या बदली आलेल्या मुलाची वाटते. जुन्या कथांत अशा मुलाला आगीची भीती घालतात, म्हणजे फे खरं मूल परत करतील. हे कथेपुरतं राहिलेलं नाही. १८९५ साली आयर्लंडमध्ये ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने, ही माझी बायको नव्हेच, फेंनी बदलून ठेवलेली आहे, असं म्हणत जाळून मारलं. आपल्याकडेही बायकांना चेटकीण ठरवून मारल्याच्या घटना घडल्या, महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. म्हणून संशय हीच तुमच्या कथेतली सगळ्यात धोक्याची गोष्ट ठेवा. शेजारचं कुणीतरी देवऋषी बोलावून आणतं, आणि नायिकेकडे एकच रात्र उरते. खरा भाऊ अजून तिकडे आहे. इकडचा मुलगा महिनोन्‌महिने तिच्या ताटातली शेंगाचटणी पळवत आलाय, तापात तिच्या उशाशी बसलाय, आणि त्यालाही कुणी विचारून इथे पाठवलेलं नव्हतं. एकाला आणायला दुसऱ्याला द्यावं लागेल असा सौदा तिच्यापुढे येऊ द्या. तो तिने नाकारावा आणि दोघांनाही घरी ठेवण्याची वाट त्याच नियमांत शोधावी, हे वाचायला मला फार आवडेल.