नेब्रास्काच्या हो-चंक बोलीकडे जाताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा लक्षपूर्वक वाचला. अमेरिकेतील मूलनिवासी हो-चंक लोकांच्या भाषेची नेब्रास्कातील बोली आणि विस्कॉन्सिनमधील बोली यांतील भेदांची यादी करावी आणि त्या यादीवर प्रबंध उभारावा, असा तुझा विचार दिसतो. विषय चांगला आहे, परंतु यादीपासून सुरुवात करू नकोस. ही बोली वेगळी कशी पडली ते आधी समजून घे, कारण तिच्या वेगळेपणामागे डोंगर किंवा नदी नसून सरकारी हुकूम आहेत.

हो-चंकांचा मूळ प्रदेश म्हणजे आजच्या विस्कॉन्सिनचा मोठा भाग आणि इलिनॉयचा उत्तर भाग. १८२९, १८३२ आणि १८३७ च्या करारांनी तो त्यांच्या हातून गेला. त्यानंतर आधी आयोवा, मग मिनेसोटातील लाँग प्रेरी आणि १८५५ पासून ब्लू अर्थ अशी त्यांची हलवाहलव झाली. १८६२ मध्ये मिनेसोटात डकोटा या दुसऱ्या मूलनिवासी समाजाचे सरकारशी युद्ध पेटले. हो-चंक समाज म्हणून त्यात उतरलेले नव्हते, तरीही १८६३ मध्ये त्यांना डकोटा प्रदेशातील क्रो क्रीक येथे नेण्यात आले. तेथील उपासमारीला कंटाळून अनेक जण मिसुरी नदीने खाली नेब्रास्कातील ओमाहा या मूलनिवासी लोकांच्या आश्रयाला आले आणि १८६५ च्या करारान्वये ओमाहांच्या भूमीतील एक तुकडा त्यांचा राखीव प्रदेश ठरला. दरम्यान अनेक कुटुंबे पुनःपुन्हा विस्कॉन्सिनला परतत राहिली. १८७३-७४ च्या हिवाळ्यात सैन्याने त्यांना पुन्हा पकडून नेब्रास्काला नेले, आणि त्यांतलेही बरेच जण पुन्हा परत आले. आज नेब्रास्कात एक आणि विस्कॉन्सिनमध्ये एक अशी हो-चंकांची स्वतःची दोन स्वतंत्र शासने आहेत. त्यांपैकी विस्कॉन्सिनच्या शासनाने १९९४ मध्ये ‘हो-चंक नेशन’ हे नाव घेतले.

हा इतिहास प्रस्तावनेपुरता ठेवण्याचा नाही, तुझ्या पद्धतीचा तो पाया आहे. माणसे दोन्ही दिशांनी सतत ये-जा करीत होती, लग्ने इकडची तिकडे होत होती, त्यामुळे राज्याची सीमा हीच बोलीची सीमा असे धरून चालणे चुकीचे ठरेल. सॅम ब्लोस्नेक यांचे उदाहरण घे. ते विस्कॉन्सिनचे, पण आयुष्याच्या एका महत्त्वाच्या टप्प्यावर नेब्रास्कात राहिलेले. त्यांनी स्वतः हो-चंकमध्ये लिहिलेले आत्मकथन मानववंशशास्त्रज्ञ पॉल रेडिन यांनी १९२० मध्ये इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध केले. त्यांची भगिनी माउंटन वुल्फ वूमन यांनीही काही काळ नेब्रास्कात काढला, आणि त्यांनी टेपवर सांगितलेले आत्मकथन मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी लुरी यांनी १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आणले. या भावंडांची भाषा तू कोणत्या रकान्यात भरणार? म्हणून प्रत्येक ज्येष्ठ भाषकाबाबत ती व्यक्ती कोणाच्या हाताखाली वाढली, आजी कोठून आली आणि कोणत्या गावी किती काळ वास्तव्य झाले, हे आधी टिपून घे, आणि शब्दांतील किंवा उच्चारातील फरक त्या कुटुंबाच्या प्रवासाशी जोडून पाहा. दोन्हीकडची माणसे एकमेकांचे बोलणे समजतात. उरणारे फरक लहान असतील, पण त्यांत एखाद्या कुटुंबाची वाट दिसू शकते, आणि माझ्या मते प्रबंधाचे खरे मोल तेथेच असेल.

ब्लोस्नेक यांनी ज्या लिपीत लिहिले, ती अक्षरमाला फॉक्स आणि सॉक या मूलनिवासी लोकांकडून १८८० च्या दशकात हो-चंकांकडे आली. तिच्यात भाषेतील सगळे ध्वनिभेद उमटत नाहीत हे खरे आहे, तरीही ती शिकच. बाहेरच्या संशोधकाने ऐकून उतरवलेला मजकूर आणि भाषकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर यांत फार अंतर असते, आणि बोलीच्या अभ्यासकाला दुसऱ्या प्रकारचा मजकूर क्वचितच मिळतो.

आता कानाविषयी. तू मालवणी बोलत वाढलीस, त्यामुळे नासिक्य स्वर तुला जड जाणार नाहीत. अडचण येईल ती ऱ्हस्व-दीर्घाची. आपल्या बोलण्यात हा भेद पुष्कळसा लेखनापुरता उरला आहे, पण हो-चंकमध्ये त्याने अर्थ बदलतो आणि शब्दातील आघातही मात्रा मोजूनच पडतो, बहुधा तिसऱ्या मात्रेवर. जोसेफिन व्हाइट ईगल या स्वतः हो-चंक भाषक असलेल्या भाषावैज्ञानिक. त्यांनी भाषावैज्ञानिक केन हेल यांच्यासह १९८० मध्ये या आघातव्यवस्थेवर लिहिलेला लेख जाण्यापूर्वी सावकाश वाच. जोडाक्षराच्या जागी पुढचाच स्वर मध्ये येण्याची जी प्रवृत्ती या भाषेत आहे, म्हणजे ‘क्रे’ऐवजी ‘केरे’, तिला जुने अभ्यासक जेम्स ओवेन डॉर्सी यांच्या नावाने डॉर्सीचा नियम म्हणतात, आणि त्या लेखातील सगळी गुंतागुंत तिच्यापाशीच आहे. कंठद्वार मिटून उच्चारलेले प, त, क तुझा कान सुरुवातीला साध्या प, त, क मध्ये जमा करील. तेव्हा घाईने लिप्यंतर करू नकोस.

इंग्रजी वाक्यांची यादी पुढे ठेवून ‘हे तुमच्या भाषेत कसे म्हणाल’ असे विचारत बसण्यावर माझा मुळीच विश्वास नाही, आणि या भाषेत तर त्याने फार नुकसान होते. हो-चंकमध्ये एखाद्या वस्तूचा किंवा व्यक्तीचा निर्देश करताना ती बसलेली आहे, उभी आहे की आडवी आहे हे रूपातूनच सांगावे लागते. क्रिया चालू असल्याचे दाखवतानाही तीच रूपे येतात. संदर्भावाचून ‘ते मांजर’ विचारलेस, तर समोरच्या आजींना मनातल्या मनात ते मांजर बसवावे किंवा निजवावे लागेल आणि त्यांनी काय कल्पिले ते तुला कळणारच नाही. दोन बोलींची तुलना अशा उत्तरांवर केलीस, तर जो फरक मिळेल तो मांजराच्या बैठकीचा असेल. खरी वस्तू, खरे चित्र, चालू असलेले काम समोर ठेवून बोलणे होऊ दे.

जुनी कागदपत्रे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. पहिल्या मुलाला कुनू, पहिल्या मुलीला हिनू अशी जन्मक्रमानुसार नावे असतात; एकच नाव अनेक नोंदींत आढळले म्हणून ती एकच व्यक्ती समजू नकोस.

पवित्र कथा, ज्यांना वायकां म्हणतात, त्या जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. उन्हाळ्याच्या सुटीत जाऊन त्या मागू नयेत. हिवाळ्यातही कोणी आपण होऊन सांगितल्या तरच ऐकाव्यात आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी विचारावी. विस्कॉन्सिनमध्ये हो-चंक नेशनचा स्वतःचा भाषाविभाग आहे, नेब्रास्कात लिटल प्रीस्ट ट्रायबल कॉलेज आहे. प्रकल्पाचा अर्ज विद्यापीठाकडे देण्यापूर्वी दोन्ही शासनांना पत्र लिही, त्यांना कोणते काम हवे आहे ते विचार, आणि ध्वनिमुद्रणांची पहिली प्रत कोणाकडे राहील हे त्यांनाच ठरवू दे. ज्येष्ठांचा वेळ थोडा आहे आणि त्यावर पहिला हक्क तेथे भाषा शिकणाऱ्या तरुणांचा आहे. एखाद्या ज्येष्ठाने आज नातवंडांचा वर्ग आहे म्हणून तुला थांबवले, तर परवानगी घेऊन त्या वर्गातच मागे बसून ऐक.

दोन्ही शासनांकडून उत्तरे आली की सुधारलेला आराखडा मला पाठव. यादीचे प्रकरण तेव्हा कोठे ठेवायचे ते आपण ठरवू.

तुझा शुभचिंतक